लग्नाच्या वहीतला अब्राहाम

आमच्या घरात वंशावळ लिहिलेली नव्हती, तोंडपाठ होती. आजोबा ती एका दमात म्हणायचे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग त्यांच्या वडिलांचं, असं करत ते अलिबागजवळच्या एका तेलाच्या घाण्यापाशी जाऊन थांबायचे. त्या गावाचं नाव आमच्या आडनावात आहे. अलीकडचे सगळे सॅम्युअल, एझिकेल, एलाया. दोन पिढ्या मागे गेलं की तीच नावं कोकणी होऊन यायची: सामाजी, हसाजी, एलोजी. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्याच एझिकेलांना म्हातारपणी हसाजी म्हणतात.

त्या यादीत बाई एकही नव्हती. आई नाही, सून नाही, माहेर नाही. हे मला खटकलं ते फार उशिरा, माझी लेक शाळेच्या प्रकल्पासाठी घरातल्यांची नावं लिहायला बसली तेव्हा. बापाकडून सहा पिढ्या तिने भराभर उतरवल्या आणि विचारलं, "आणि यांच्या बायका?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडिलांकडे नव्हतं. आजोबा गेलेले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. जमातीची उगमकथा घरोघर एकच आहे. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, त्या जागा आजही नवगावच्या कब्रस्तानात दाखवतात. वाचलेले कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या, गावागावांत पांगले, घाण्यावर तेल काढू लागले. शनिवारी घाण्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. मुलांची सुंता आठव्या दिवशी, बिनखवल्यांची मासळी वर्ज्य आणि सुखदुःखात 'शमा इस्राएल' ही एक प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर कित्येक शतकं निघाली. मग डेव्हिड रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला, त्याने यांना ओळखलं, जिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, केलं.

या कथेवर माझं प्रेम आहे. पण आता ती ऐकताना माझं लक्ष सात बायकांकडे जातं. सात पुरुष आणि सात बायका: किती नीट हिशेब! प्रत्येकाला जोडीदारीण गलबतातच मिळाली, किनाऱ्यावरच्या कुणाची गरजच पडली नाही.

शोध सुरू केला तो लग्नाच्या वह्यांपासून. आमच्या सिनेगॉगांमध्ये लग्नं, सुंता, मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. मुंबईचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि नवस फेडावा तसं त्यांनी ते उभारलं. त्यानंतर पनवेल, अलिबाग, पेण, ठाणे अशी एकेक होत गेली. आमच्या घराण्याची नोंद ज्या सिनेगॉगमध्ये सापडली ते लहान आहे, आता सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा पुरुषांचा मिन्यान जमवायला त्यांना फोनाफोनी करावी लागते. तिथल्या मुकादमांनी कपाटातून वही काढून दिली, पंखा बंद केला, कारण पानं सुटलेली होती, आणि स्वतः शेजारी बसून राहिले.

वहीचे रकाने असे: नवरा, नवऱ्याचा बाप, नवरी, नवरीचा बाप, साक्षीदार, तारीख. अक्षर बाळबोध, कुठे कुठे मोडीची सवय असलेल्या हाताचं. आईचा रकाना नाहीच. माझ्या खापरपणजोबांचं नाव मला माहीत होतं, ते मिळालं. लग्न १८८५च्या आसपासचं. नवरी: सारा. नवरीचा बाप: अब्राहाम.

त्या पानावर बाकी प्रत्येक बापापुढे आडनाव होतं. रोहेकर, पेणकर, चौलकर, किहीमकर. गाव कळतं, घर कळतं, शोध पुढे सरकतो. या एका अब्राहामापुढे काहीच नव्हतं. मुकादम म्हणाले, "लिहायचं राहिलं असेल." राहिलं असेलही. पण ज्यू वंशावळी धुंडाळणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. बाहेरून धर्मात आलेल्या माणसाला नवं नाव मिळतं आणि बाप म्हणून अब्राहाम लावला जातो, कारण तो सगळ्यांचाच मूळपुरुष. बायकांना बहुधा सारा किंवा रूथ हे नाव मिळतं. म्हणजे ही सारा एखाद्या खऱ्याखुऱ्या अब्राहामाची लेक असेल, नाहीतर कुणाच्याच लेकीची जागा न मिळालेली कोणी असेल. वहीवरून ठरत नव्हतं.

ठरलं ते दगडावरून. कब्रस्तान गावाबाहेर आहे, पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येतं, म्हणून दिवाळीनंतर गेले. जुने दगड वाचायचे तर ऊन तिरपं हवं, सकाळी लवकर किंवा चारनंतर. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायचा मोह होतो, तो टाळावा, दगड खराब होतो. हातातला आरसा धरून बाजूने उजेड टाकला की झिजलेलं अक्षरही वर येतं. खालच्या बाजूला मराठीत 'सारा' आणि आमचं आडनाव, एवढंच. वर हिब्रूच्या तीन ओळी. मला हिब्रू प्रार्थनेपुरतं येतं, तरी मधली ओळ मी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचली: सारा बत अव्राहाम अविनू. आपला पिता अब्राहाम याची लेक. तो 'अविनू' खऱ्या बापाच्या नावापुढे कुणी लावत नाही. प्रार्थना चालवणाऱ्या हझानने किंवा पाथरवटाने खालच्या मराठीत जे झाकलं ते वरच्या हिब्रूत उघडं ठेवलं होतं. गावातल्या किती जणांना ते वाचता येत असेल!

तिसऱ्या ओळीत तारीख होती. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते आणि सालातले हजार बहुधा लिहीत नाहीत. ताव ४००, रेश २००, आयिन ७०, तेत ९, म्हणजे ६७९. त्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो, १९१९. पण महिना हेश्वान होता आणि ज्यू वर्ष आदल्या शरदात सुरू होतं, म्हणून एक वजा. १९१८चा ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरचे पहिले काही दिवस. इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई आणि कोकण झोडपलं ते याच दिवसांत. माझ्या आजोबांना तेव्हा दात यायचे होते. त्यांनी आजीला पाहिलं, पण आठवण कुठून असणार.

घरी येऊन मी अश्दोदला आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या १९६१ साली नात्यातल्यांबरोबर इस्राएलला गेली, तिथेच तिचं लग्न झालं. अजून तिची मराठी अलिबागच्या इस्राएल आळीतली आहे. मी दगडाचा फोटो दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "भाईंनी सांगितलं होतं, हे कुठे काढायचं नाही." भाई म्हणजे माझे आजोबा.

मग एकेक करून सगळं आलं. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. रंगाशी त्याचा संबंध नावापुरता. आईबाप दोघे जमातीतले ते गोरे, आणि ज्यांच्या घरात बाहेरची बाई आली, तिची मुलं काळी. एकमेकांत सोयरीक नाही, पंगत नाही, सिनेगॉगमध्येही काळ्यांचा मान शेवटी. कुलाब्याची जुनी गॅझेटियरं याची नोंद घेतात, किहीमकरांनी लिहिलेल्या जमातीच्या इतिहासातही तो भेद आहे. आमच्या लोकांनी जातिव्यवस्था आजूबाजूची पाहून उचलली असं म्हणून आम्ही मोकळे होतो. मला ते पटत नाही. उचलली तर उचलली, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली तर आम्हीच ना. सारा रीतसर धर्मात आली होती, अब्राहामाची लेक झाली होती, तरी तिच्या मुलाला, माझ्या पणजोबांना, पहिल्या दोन घरांनी मुलगी नाकारली, असं आत्याने ऐकलं होतं.

आणि तरीही आजोबांनी नाव पुसलं ते या भेदापायी नव्हे. त्यांच्या तरुणपणी तो बोलण्यातून बराच गेला होता. कारण वेगळंच होतं, आणि ते कळल्यावर आजोबांवरचा माझा राग गेला.

१९६२ साली इस्राएलमधल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढल्या. बेने इस्राएल वधू किंवा वर असेल तर त्यांच्या आईची, आजीची, मागे जाता येईल तितकी चौकशी करावी, मिसळ झाली आहे का, पाहावं. लग्नाला आलेल्या पोरीपोरांना खापरपणजीचं कूळ विचारलं जाऊ लागलं, ज्या खापरपणजीचं नाव घरातल्या यादीतही नव्हतं. आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. सूचनांमधून जमातीचं नाव निघालं.

आत्याचं लग्न १९६३चं. ठरावाच्या आधीचं. आजोबांनी ठाण्याहून पत्र पाठवलं, निळ्या आंतरदेशीय कागदासारख्या पातळ एअरोग्रामवर, ते तिने जपून ठेवलं आहे. तिने ते कॅमेऱ्यासमोर धरलं. आईकडच्या चार पिढ्यांची नावं त्यात बारीक अक्षरात दिली आहेत, गावांसकट, म्हणजे आजोबांना बायकांची नावं पाठ होती! बापाकडे मात्र ते स्वतःच्या आईवर थांबले आहेत. आणि खाली: बापाच्या आजीचे विचारल्यास ठाऊक नाही म्हणावे. एवढंच वाक्य. त्या दिवसापासून त्यांनी ते स्वतःही पाळलं असावं. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही याचा हिशेब ठेवण्यापेक्षा सगळ्याच बायका यादीतून काढणं त्यांना सोपं गेलं. एक झाकायची म्हणून सगळ्या झाकल्या.

आत्या म्हणाली, "लग्न लागलं बाई माझं, पण त्या टेबलासमोर बसून मी आजीच्या सासूला नाही म्हटलं, ते अजून टोचतं."

या सगळ्यात रक्ताची चाचणी कुठे बसते, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. माझ्या कॅनडातल्या मावसभावाने लाळ पाठवून अहवाल मागवला, नकाशावर रंग भरून आला. मला त्यात काही मिळणार नव्हतं आणि ते का, हे सांगायला हवं. आईकडून लेकीकडे जाणारा मायटोकाँड्रियाचा धागा फक्त आईच्या आईच्या आईपर्यंत नेतो. सारा माझ्या बापाच्या बाजूची, तिचा तो धागा तिच्या मुलापाशीच तुटला. उरला बाकीचा डीएनए. खापरपणजीचा वाटा त्यात सरासरी सोळावा. तोही ओळखू यायचा तर बाकीच्या पंधरा वाट्यांपेक्षा वेगळा दिसायला हवा.

आणि तो वेगळा दिसत नाही. २०१६ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात बेने इस्राएलांवरचा एक अभ्यास आला. १८ जणांचे जनुक घेऊन ते इतर ज्यू आणि भारतीय समाजांशी ताडून पाहिले होते. निष्कर्ष असा की जमातीत दोन्ही वारसे भरपूर आहेत, मध्यपूर्वेतल्या ज्यूंचाही आणि इथल्या लोकांचाही. ही मिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. बाहेरून आलेला वाटा मुख्यतः पुरुषांचा, इथला मुख्यतः बायकांचा. त्यानंतर जमात आपल्यातच लग्नं करत राहिली.

मी तो निबंध आमच्या डॉक्टर भाच्याकडून दोनदा समजावून घेतला. गलबतातल्या सात बायका मनातून जायला तयार नव्हत्या. पण दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं. गोरे आणि काळे यांच्यामध्ये आखलेली रेघ जिथून सुरू होते असं मानत होतो, तिच्याही कितीतरी मागे, प्रत्येक घराच्या मुळाशी एक सारा आहे. ज्या घराने पणजोबांना मुलगी नाकारली त्याच्या मुळाशीही. फरक इतकाच की त्यांच्या साराला वीस-तीस पिढ्या झाल्या आणि आमच्या साराला चारच.

मग आमच्या घरातल्या गोष्टी मला निराळ्या दिसू लागल्या. सणांची नावं पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. हिब्रू नावं नंतर शिकवणाऱ्यांनी आणली, ही आधीची. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, आम्ही गव्हाच्या चिकाचा हलवा करतो, नारळाच्या दुधात, हात भरून येईस्तोवर ढवळत. नवस फेडताना एलियाहू हानबी या प्रेषितासाठी मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. लग्नाआधी मेंदी, हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीच्या, चित्रांत बिनखमिराची भाकरी लाटणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. लोक म्हणतात, शेजाऱ्यांचं पाहून घेतलं. शेजाऱ्यांकडून माणूस एखादा पदार्थ घेतो. स्वयंपाकघर, पाळणा आणि बोली सगळीच्या सगळी घेतो ती आईकडून. हे माझं मत आहे, त्याला वहीत पुरावा नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

साराचं मूळ नाव काय होतं, हा प्रश्न राहतोच. आत्याला एक गोष्ट आठवत होती, तिच्या वडिलांनी सांगितलेली. ते लहान असताना गणपतीच्या दिवसांत खाडीपलीकडून एक माणूस यायचा, टोपलीत काकड्या, पडवळं, कधी सुकी सोडं. ओसरीच्या पायरीवर बसायचा, पाणी प्यायचा, आत यायचा नाही. माझे पणजोबा त्याला मामा म्हणायचे. सारा गेल्यानंतरही काही वर्षं तो आला, मग थांबला. आगरी होता एवढं नक्की, बोलण्यावरून पोरांना हसू यायचं.

त्या मामाच्या मागावर मी कोतवाल बुकापर्यंत गेले. जन्ममृत्यूची ही गावपातळीवरची नोंद, गाव नमुना १४. कुणबी नोंदींसाठी २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून या वह्यांना महाराष्ट्रात एकदम भाव आला आहे. तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांची वाट पाहत माणसं बसलेली असतात, हातात पणजोबांच्या नावाची चिठ्ठी. मला ती माणसं आपली वाटली. त्यांना दाखल्यासाठी पूर्वज हवा आहे, मला दाखल्याविना एक पूर्वजा. पणजोबांच्या जन्माची ओळ मिळाली. बापाचं नाव, गाव, जात या रकान्यात 'इस्राएल'. आईचं नाव नव्हतं.

खाडीपलीकडच्या गावात एक घर सापडलं, त्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ओसरीवर खुर्ची मांडून दिली. मी काय शोधते आहे ते सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्यातली एक पोर तेल्यांकं गेलती, असं म्हनत. शनवार तेल्यांकं." मग त्यांनीही आपली वंशावळ म्हणून दाखवली, अगदी आजोबांसारखी, एका दमात, सात पुरुष. त्यात तिचं नाव यायचं कारणच नव्हतं. लेक परक्या घरची, ती इथल्या यादीत नाही. सून बाहेरची, ती तिथल्या यादीत नाही.

वंशावळीचा नवा कागद मी आता दोन्हीकडच्या नातलगांना पाठवला आहे. प्रत्येक नावापुढे आईचं नाव आणि तिचं माहेर. साराच्या माहेरासमोर त्या गावाचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे. ठाण्याच्या काकांना ते आवडलेलं नाही, नातवाचं लग्न तिकडे ठरतं आहे म्हणाले, उगाच कशाला. मी त्यांना सांगितलं, नाव काढणार नाही. आत्याने आजोबांच्या त्या एअरोग्रामचा फोटो गटात टाकला आणि खाली लिहिलं, "मला पण विचारा, मी सांगते." काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

खाडीपलीकडच्या गृहस्थांची एक आते उरणला दिली आहे, नव्वदीच्या पुढची. लग्नात धवलारीण म्हणून गाणी म्हणायची. माहेरच्या सगळ्या लेकींची नावं तिला पाठ आहेत, असं ते म्हणाले, फक्त दुपारी झोपते, सकाळी जा. उरणची लाँच भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मुलगी म्हणते, मी येणार, वही मी धरीन.